मोझांबिकचा सामोरा माशेल: माणूस मोठा की नुसता पुतळा मोठा?

पंचगंगा

मंडळी, कामानिमित्त सध्या मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत मुक्काम आहे. इथल्या स्वातंत्र्य चौकात सामोरा माशेलचा उत्तर कोरियात घडवलेला प्रचंड ब्राँझचा पुतळा उभा आहे, २०११ साली बसवलेला. मोझांबिकचा पहिला राष्ट्राध्यक्ष आणि त्याआधी पोर्तुगिजांशी दहा वर्षं लढलेल्या फ्रेलिमो या मुक्ती संघटनेचा सेनापती. त्याच्याबद्दल जितक्या लोकांशी बोललो, तितका गोंधळ वाढत गेला.

ऑफिसातला एक सहकारी आहे. त्याच्या काकांना १९८३ च्या 'ऑपरेशन प्रोडक्शन'मध्ये उचललं. शहरात ज्याच्याकडे नोकरीचा कागद नाही त्याला पकडायचं आणि पार उत्तरेला न्यासा प्रांतात शेती करायला धाडायचं, अशी ती मोहीम. काका परत आलेच नाहीत. त्याच सहकाऱ्याच्या दिवाणखान्यात सामोराची तसबीर आहे! कारण विचारलं तर म्हणाला, "तो चोर नव्हता." पुढे विषय बंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३३, लिंपोपो नदीच्या काठी चिलेंबेने गावात. बाप शेतकरी. पोर्तुगीज सरकार कापूस सक्तीने लावायला लावायचं आणि काळ्या शेतकऱ्याला गोऱ्यापेक्षा कमी भाव द्यायचं. पुढे तिथल्या जमिनीच गोऱ्या वसाहतवाल्यांना दिल्या. पोरगा नर्सिंग शिकून राजधानीच्या इस्पितळात लागला. १९६३ मध्ये देश सोडून टांझानिया गाठलं, अल्जीरियात लष्करी शिक्षण घेतलं. १९६६ मध्ये फ्रेलिमोच्या फौजेचा प्रमुख, १९७० मध्ये पक्षाध्यक्ष, २५ जून १९७५ ला राष्ट्राध्यक्ष. १९ ऑक्टोबर १९८६ ला विमान पडून मृत्यू, वय ५३.

आता प्रश्न. बंदूक घेऊन देश सोडवणाऱ्याच्या हातात तोच देश चालवायला येतो, तेव्हा त्याला कशाने मोजायचं? लढाईने की कारभाराने?

ओली भेळ

शीर्षक वाचून मला वाटलं फोंड्याजवळच्या माशेलवर धागा आहे. तिथल्या चिखलकाल्याच्या आठवणी काढायच्या तयारीत होतो. पॉपकॉर्न घेऊन बसतो आता.

मांडवीतीर

भेळ, तुमचं माशेल अगदीच अस्थानी नाही हो. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा. त्यानंतरही बार्देश-सासष्टीतली कितीतरी कुटुंबं रेल्वे, कस्टम, टपाल अशा नोकऱ्यांसाठी बैरा आणि लॉरेन्सो मार्किशला (आजचं मापुतो) जात राहिली. माझे आजोबा बैरा बंदरात कारकून होते.

सामोराच्या अगदी जवळच्या माणसांपैकी एक बार्देशचाच. आकीनो द ब्रागांसा, जन्म १९२४. अल्जीयर्समध्ये पत्रकारी केली. पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची जी संयुक्त संघटना १९६१ मध्ये कासाब्लांकात उभी राहिली, तिच्यात वावरला. स्वातंत्र्यानंतर मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्राचा संचालक झाला. १९८२ मध्ये त्या केंद्रात रूथ फर्स्ट ही वर्णद्वेषविरोधी दक्षिण आफ्रिकी कार्यकर्ती पार्सल बॉम्बने मारली गेली, तेव्हा हा त्याच खोलीत होता, जखमी झाला. वाचला, आणि चार वर्षांनी सामोराच्या विमानात गेला.

गोव्यात किती जणांना हे नाव माहीत असेल? मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

खवट नाना

धागाकर्ते, प्रश्न चांगला आहे, पण उत्तर फार जुनं आहे. घानाचा एन्क्रुमा, इंडोनेशियाचा सुकार्नो, अल्जीरियाचा बेन बेला. सगळ्यांची गोष्ट एकच. आधी तुरुंग किंवा जंगल, मग जयजयकार, मग एकच पक्ष, मग विरोधक गायब.

तुमच्या सामोराचं बघा. १९६९ मध्ये फ्रेलिमोचा पहिला अध्यक्ष एदुआर्दो मोंडलाने दार-एस-सलाममध्ये पार्सल बॉम्बने मारला गेला. पक्षाची सूत्रं तिघांकडे आली: माशेल, मार्सेलिनो दुस सांतुस आणि उरिया सिमांगो. सिमांगो वर्षभरातच बाहेर. १९७५ मध्ये त्याला टांझानियातल्या न्याचिंग्वेयाच्या छावणीत हजारो सैनिकांसमोर उभं करून कबुलीजबाब वाचायला लावला. मग 'पुनर्शिक्षण' छावणी, मग गुपचूप ठार. खटला नाही, निकाल नाही. नंतर त्याच्या बायकोलाही मारलं. हे लिहिताना हात आखडता का घेतलात?

पंचगंगा

नाना, हात आखडला नाही. पहिल्याच पोस्टमध्ये सगळं ओतलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं? :)

वॉर्ड नंबर सात

मी स्वतः नर्स आहे, त्यामुळे माझी नजर वेगळ्याच गोष्टीवर गेली. तेव्हाच्या मोझांबिकमध्ये काळ्या मुलाला डॉक्टर व्हायची वाट जवळजवळ बंदच होती, नर्सिंग हीच हद्द. त्यातही त्याच कामाला गोऱ्या नर्सला पगार जास्त. सामोराच्या राजकारणाची सुरुवात तिथे झाली. श्रीमंताच्या कुत्र्याला जितकी लस आणि औषधं मिळतात तितकी त्याच्या कामगारांना मिळत नाहीत, या अर्थाचं तो नंतर एका मुलाखतीत बोलला होता. वॉर्डात काम केलेल्या माणसाचंच बोलणं आहे ते.

आणि हे नुसतं बोलणं राहिलं नाही. स्वातंत्र्यानंतर पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले, सबंध देशात शंभराच्या आत डॉक्टर उरले. त्या अवस्थेत १९७६ पासून देशभर लसीकरण मोहीम काढली: देवी, गोवर, धनुर्वात. गावोगाव प्राथमिक आरोग्य सेवक तयार केले. औषधांची ठरावीक यादी करून साध्या नावाची, स्वस्त औषधं मागवायची पद्धत त्यांनी फार लवकर आणली. बड्या औषध कंपन्या अर्थातच खूश नव्हत्या.

नाना म्हणतात ते खोटं नाही. पण ज्या बाईचं मूल गोवराने गेलं नाही, तिच्या हिशेबात सिमांगो कुठे येतो?

खवट नाना

सिमांगोच्या मुलाच्या हिशेबात येतो. तो मुलगा, दावीझ सिमांगो, पुढे बैरा शहराचा महापौर झाला. स्वतःचा पक्ष काढला, फ्रेलिमोला त्या शहरात वर्षानुवर्षं डोकं वर काढू दिलं नाही. २०२१ मध्ये वारला.

अनुस्वार

वाचतेय. हा दावीझ प्रकार माहीत नव्हता. नाना, खवट असलात तरी कामाचे आहात.

हिशेबनीस

अर्थकारणाबद्दल दोन शब्द, कारण 'माशेलने देश बुडवला' हे वाक्य सरसकट फेकलं जातं.

१९७५ मध्ये दहातले नऊहून जास्त लोक निरक्षर. कारखान्याचा फोरमन, ट्रक ड्रायव्हर, इंजिन ड्रायव्हर, खेड्यातला दुकानदार, बहुतेक जागी पोर्तुगीज. आणि ते लाखोंनी निघाले. काही जाताना लिफ्टच्या खड्ड्यात सिमेंट ओतून, यंत्रं मोडून गेले. काहींना सरकारनेच हाकललं: चोवीस तासांत निघा, वीस किलो सामान न्या. 'चोवीस-वीस' नावाने तो हुकूम आजही लोकांच्या तोंडी आहे. काढणारा गृहमंत्री आर्मांदो गेबुझा, जो पुढे २००५ मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला.

यातला खेड्यातला दुकानदार फार महत्त्वाचा होता. तोच शेतकऱ्याचा मका, काजू विकत घ्यायचा आणि बदल्यात कापड, मीठ, रॉकेल, कुदळ विकायचा. लुबाडायचा, पण साखळी चालू होती. तो गेला, आणि शेतकऱ्याला जास्तीचं पिकवून उपयोग उरला नाही, कारण घ्यायला कोणी नाही आणि पैशाने विकत घ्यायला काही नाही. सरकारने सगळा पैसा मोठ्या सरकारी शेतांत, ट्रॅक्टर-कंबाइनमध्ये घातला. छोट्या शेतकऱ्याला कुदळ मिळेना. ही चूक १९८३ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांनीच मान्य केली, पण तोवर दुष्काळ दारात होता.

वरून युद्ध. १९७६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळायचे म्हणून ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. बैरा बंदर आणि रेल्वेचं मोठं उत्पन्न त्याच मालावर होतं. स्वतःच्या पोटावर पाय. बदल्यात ऱ्होडेशियाच्या गुप्तचरांनी रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली. १९८० मध्ये तिकडे झिम्बाब्वे झाल्यावर तीच संघटना दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने दत्तक घेतली. शाळा, दवाखाने, वीजवाहिन्या, बस, जे दिसेल ते उडवायचं. अशा वेळी गादीवर कोणालाही बसवलं असतं तरी देश चालला असता का, सांगा.

खवट नाना

चालला नसता. पण चाबूक? १९८३ मध्ये जाहीर फटक्यांची शिक्षा कायद्यात आणली. पोर्तुगीज फटके मारायचे म्हणून ज्यांनी बंदूक उचलली, त्यांनीच. हे रेनामोने सांगितलं होतं का करायला?

हिशेबनीस

नाही. तो मुद्दा तुमचा, बिनशर्त.

ओली भेळ

नाना १, हिशेबनीस ०. मध्यंतर. चहा घ्या.

अवांतर: जगात एके-४७ झेंड्यावर मिरवणारा हाच देश ना? सोबत पुस्तक आणि कुदळ. म्हणजे पुस्तक वाचा, शेती करा, नाहीतर...

शतपावली

धाग्यात सगळे पुरुषच दिसतायत म्हणून लिहिते. जोझिना मुथेंबा. शाळेत असल्यापासून भूमिगत संघटनेत. १९६४ मध्ये पळताना व्हिक्टोरिया फॉल्सजवळ पकडली गेली, परत आणून तुरुंगात टाकली. सुटल्यावर पुन्हा पळाली. स्वित्झर्लंडला शिकायची शिष्यवृत्ती आली होती, ती नाकारून फ्रेलिमोच्या महिला तुकडीत गेली. युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी केंद्रं उभी केली. १९६९ मध्ये सामोराशी लग्न, त्याच वर्षी मुलगा. ७ एप्रिल १९७१ ला आजारात गेली, वय २५. तो दिवस मोझांबिकचा महिला दिन आहे.

त्या मुलाने, धाकट्या सामोराने, २०१८ मध्ये बापाच्याच पक्षाला बाजूला ठेवून मापुतोच्या महापौरपदासाठी वेगळ्या यादीतून उभं राहायचा प्रयत्न केला. यादी बाद ठरवली गेली.

दुसरी बायको ग्रासा, नव्या सरकारची शिक्षणमंत्री. पुढे १९९८ मध्ये नेल्सन मंडेलांशी लग्न, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी. तिची ओळख 'दोन राष्ट्राध्यक्षांची पत्नी' एवढीच करून देतात, याचा मला फार राग येतो. युद्धात सापडलेल्या मुलांवरचा संयुक्त राष्ट्रांचा १९९६ चा अहवाल तिचा आहे.

अनुस्वार

शतपावलीताई, +१००.

ओली भेळ

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

काठावरचा

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. मला हा माणूस आवडतो तो भाषणांमुळे. सभेची सुरुवात स्वतः गाऊन करायचा, लोक उचलून धरायचे. १९८० मध्ये तर गोदामं, बंदर, इस्पितळं अशा अचानक भेटी सुरू केल्या. बाहेर लोक रांगेत आणि आत माल सडतोय असं दिसलं की जागेवर, सगळ्यांसमोर, साहेबांची खरडपट्टी. लोकांना जाम आवडायचं.

खवट नाना

आपल्याकडेही मंत्री अशा भेटी देतात. कॅमेरा जातो, माल सडत राहतो.

मांडवीतीर

नाना :)

एक गोष्ट मात्र मला मोठी वाटते. १९६१ मध्ये भारताने गोवा घेतला, त्याचा सूड पोर्तुगालच्या सालाझार सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर उगवला. छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त, हकालपट्टी. बहुतेक गुजराती व्यापारी होते. आणि गोवा मुक्तिसंग्रामातले आमचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले ते लिस्बनच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षांनी! शत्रू एकच होता, तीच पिदे नावाची गुप्त पोलीस.

एवढं झाल्यावर सत्ता आलेला माणूस 'आमचं भांडण गोऱ्या कातडीशी नाही, व्यवस्थेशी आहे' असं म्हणतो आणि तसं मंत्रिमंडळ बनवतो, हे सोपं नाही. गोरा जासिंतो वेलोझो आणि गोवन मूळ असलेला ऑस्कर मोंतेरो असे लोक त्यात होते. तिकडे युगांडात अमीनने १९७२ मध्ये आशियाईंचं काय केलं ते आठवा.

आजोबांची बैरात भाड्याने दिलेली खोली होती, ती १९७६ च्या कायद्यात गेली. राहतं घर ठेवायची मुभा होती, भाड्याची सगळी सरकारजमा. आजोबा कुरकुरायचे, पण सामोराला शिव्या दिलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. शिव्या कायम लिस्बनला.

धावपट्टी

विमानाचा विषय निघाला की मला राहवत नाही.

विमान टुपोलेव टीयू-१३४, वैमानिक सोव्हिएत. झांबियातल्या म्बालाची बैठक आटोपून रात्री मापुतोला येत होतं. उतरायच्या आधी उजवीकडे ३७ अंश वळलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीच्या टेकडीवर आदळलं. दक्षिण आफ्रिकेच्या मार्गो आयोगाने दोष वैमानिकांना दिला: मापुतोचा रेडिओ संकेत म्हणून दुसराच पकडला, जमीन जवळ आल्याचा इशारा वाजूनही वर खेचलं नाही. सोव्हिएत बाजूचं म्हणणं, कोणीतरी खोटा संकेत लावून विमान भलतीकडे ओढलं.

तांत्रिक अंगाने सांगतो, दोन्ही म्हणणी एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. खोटा संकेत असू शकतो आणि तरी वैमानिक बेसावध असू शकतात. इशारा वाजतोय आणि कॉकपिटमध्ये सगळे समोर धावपट्टीचे दिवे शोधतायत, असं अनेक अपघातांत झालंय. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्याच सत्य आणि सलोखा आयोगाने मार्गोच्या निष्कर्षावर शंका घेतल्या, पण ठाम निकाल दिला नाही. घटनास्थळी दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी आधी कागदपत्रं गोळा केली, ही गोष्ट मात्र वादातीत आहे.

काठावरचा

आणि महिनाभर आधीच सामोरा मलावीचा राष्ट्राध्यक्ष बांदा याला जाऊन दम देऊन आला होता, रेनामोला थारा देऊ नकोस म्हणून. वेळ बघा.

धावपट्टी

वेळ संशयास्पद असणं आणि पुरावा असणं यात फरक आहे. माझं मत विचाराल तर पारडं किंचित घातपाताकडे. पैज मात्र लावणार नाही.

हिशेबनीस

इथे एन्कोमाटी करार आणलाच पाहिजे. १६ मार्च १९८४. दुष्काळ आणि युद्धाने मोडलेला देश, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारचा प्रमुख बोथा याच्याशी हातमिळवणी. मोझांबिकने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांना बाहेर काढायचं, दक्षिण आफ्रिकेने रेनामोची रसद तोडायची. सामोराने आपला शब्द पाळला. समोरच्याने नाही, आणि याचा लेखी पुरावा १९८५ मध्ये रेनामोचा गोरोंगोझाचा तळ पडला तेव्हा तिथल्या कागदांत मिळाला. त्याच सप्टेंबरात हा मार्क्सवादी व्हाइट हाउसमध्ये रेगनला भेटून आला. थॅचरबाईंशीही त्याचं बरं जमायचं, कारण १९७९ मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यासाठी लंडनला झालेल्या वाटाघाटीत तिथला नेता मुगाबे याला सही करायला भाग पाडणाऱ्यांत तो होता.

मला हा शेवटचा सामोरा सगळ्यात रंजक वाटतो. पोथी बाजूला ठेवून दारोदार फिरणारा. त्याला आणखी पाच वर्षं मिळायला हवी होती.

खवट नाना

आणखी पाच वर्षं मुगाबेलाही मिळाली होती. बरीच पाच-पाच वर्षं मिळाली. ५३ व्या वर्षी गेलेला नेता कायम होतकरूच राहतो हो.

पंचगंगा

सगळ्यांना दंडवत. नानांचं हे शेवटचं वाक्य वाचून त्या सहकाऱ्याला काल परत गाठलं. चहावर बराच बोलला.

'तो चोर नव्हता' हे सामोराबद्दल नव्हतंच म्हणे. २०१६ मध्ये उघड झालेलं गुप्त कर्ज, ट्यूना मासेमारीच्या बोटींच्या नावाखाली दोन अब्ज डॉलरच्या आसपास, संसदेला न विचारता घेतलेलं. त्यात गेबुझाच्या मुलाला २०२२ मध्ये मापुतोच्या कोर्टाने शिक्षा दिली, माजी अर्थमंत्री मानुएल शांगला २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने दोषी ठरवलं. सहकाऱ्याचं म्हणणं, सामोराची तसबीर लावली की पाहुण्यांना आपण आजच्या सरकारबद्दल काय बोलतोय ते कळतं, आणि पोलिसाला काही बोलता येत नाही. पक्षाच्याच जुन्या अध्यक्षाची तसबीर आहे ना.

अनुस्वार

अरे वा! हे भारीच.

खवट नाना

काकांबद्दल विचारलंत?

पंचगंगा

विचारलं. म्हणाला, आजी त्या तसबिरीकडे पाठ करून बसायची. घरात दोघांनीही एकमेकांना कधी काढ किंवा ठेव म्हटलं नाही.

वॉर्ड नंबर सात

आजीचं बरोबर आहे. आणि त्याचंही.

खवट नाना

माझ्याकडून आजीला नमस्कार कळवा. बाकी माझं मत तेच.

ओली भेळ

धागा एवढा गंभीर झालाय की विचारायला लाज वाटतेय, पण मांडवीतीर, ती हिरवी कॅफ्रियाल कोंबडी मोझांबिकहून गोव्यात आली म्हणतात ते खरं का? आणि पंचगंगा, तिकडे मिळते का?

मांडवीतीर

आली तिकडूनच, सैनिकांबरोबर. हिरवा मसाला कोथिंबीर-मिरचीचा, तो आमचा. रम घालायची विसरू नका.

पंचगंगा

इथे पिरी-पिरी मिळते, निखाऱ्यावर भाजलेली, लालभडक. हिरवी अजून कुठे दिसली नाही. मांडवीतीर, रेसिपीचा वेगळा धागा काढा, इथे नको. नाना त्यातही हुकूमशाही शोधतील.